बनुबाईचा चेहरा कुणी नेला?

१

मार्गशीर्षातल्या तिसऱ्या गुरुवारी सकाळी धुळानं छापखाना उघडला तेव्हा कुलूप शाबूत होतं, खिडक्यांचे गज जागेवर होते, आणि फळीवरून बनुबाईचा चेहरा नाहीसा झाला होता.

चेहरा म्हणजे चित्र छापायचा जस्ताचा ब्लॉक. तळहाताएवढा, लाकडी ठोकळ्यावर बसवलेला. त्याच्या शेजारी त्याच चेहऱ्याची हजार हँडबिलं बांधून ठेवली होती. तीही नव्हती.

लालासाहेब कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. सांगलीतल्या त्या छापखान्याचे ते मालक, आणि दोन वर्षांपासून प्रकाशकही. मुंबईला चार दिवस राहून आल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता, की पुस्तक नंतर, आधी लेखक विकला पाहिजे. नव्या माणसाचं नाव कुणाच्या ध्यानात राहतं? चेहरा राहतो. म्हणून बनुबाईच्या पहिल्याच पुस्तकावर, ‘रजेचे दिवस’ या कथांवर, समोरच तिचा चेहरा यायचा होता. तोच चेहरा इस्लामपूरच्या बाजारात हँडबिलांवर, तोच कऱ्हाडच्या टॉकीजमध्ये मध्यंतरात पडद्यावर, आणि रविवारी साताऱ्याला प्रकाशनाच्या मंडपाच्या दारात तोच. लिहिणारी इस्लामपूरजवळच्या उसाच्या मळ्यातली बाई, नवरा फौजेत, आणि लढाई सुरू होऊन सहा दिवस झालेले. असा योग पुन्हा यायचा नाही, असं ते गेल्या शुक्रवारपासून रोज म्हणत होते.

नवा ब्लॉक कोल्हापूरहून यायला चार दिवस. रविवार तीन दिवसांवर.

किल्ल्या दोनच होत्या. एक लालासाहेबांच्या कमरेला, दुसरी धुळाकडे. धुळा मशीन चालवायचा. जतकडचा, मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला, आणि त्या घरातून यंत्रावर आलेला पहिलाच. तो दारात उभा राहून नुसता हातातल्या किल्लीकडे बघत होता.

“पाचपर्यंत ब्लॉक फळीवर दिसला नाही,” लालासाहेब म्हणाले, “तर हा चौकीत जाऊन बसेल. मग तिथं काय सांगायचं ते सांगू दे.”

कोपऱ्यातल्या टेबलामागून अंबाक्का उठल्या. त्यांचं नाव अंबूबाई, पण छापखान्यात सगळे त्यांना अंबाक्काच म्हणत. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला, मग शाळेत शिकवलं, आणि आता अकरा वर्षं त्या इथं प्रुफं तपासत होत्या. अक्कांच्या नजरेतून काना सुटत नाही, अशी त्यांची ख्याती होती. एकदा चौकीत बसून आलेल्या माणसाला या गावात कुणी मशीनला हात लावू देणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“पाचपर्यंत मला विचारू द्या सगळ्यांना,” त्या म्हणाल्या. “तोवर याला इथंच राहू द्या.”

लालासाहेबांनी खांदे उडवले आणि ते मंडपवाल्याला तार करायला बाहेर पडले. अंबाक्का फळीकडे गेल्या. जिथं ब्लॉक होता, तिथंच मागं एक पाकीट टेकून उभं होतं. त्यात बनुबाईचा मूळ फोटो होता.

चोरानं चेहरा नेला होता, आणि फोटो तसाच ठेवला होता.

२

धुळाला बोलतं करायला वेळ लागला. त्याला बसायला सांगितलं तरी तो बसेना. काल संध्याकाळी लालासाहेबांनी स्वतः कुलूप लावलं, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. लावण्याआधी फळीकडे बघितलं होतं का, असं अंबाक्कांनी विचारलं, तेव्हा त्यानं नकारार्थी मान हलवली. बघितलं नव्हतं. लालासाहेबांनीही बघितलं नव्हतं. गठ्ठा दुपारी बांधून ठेवला, त्यानंतर तो कुणीच पाहिला नव्हता.

दुपारी काय झालं होतं ते अंबाक्कांनाही आठवत होतं. समोरच्या हॉटेलात रेडिओ मोठा केला, आणि लढाईच्या बातम्या ऐकायला छापखाना रिकामा झाला. त्या स्वतःही पदर सावरत दारापर्यंत गेल्या होत्या. वीस मिनिटं आत कोण होतं आणि कोण नव्हतं, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

म्हणजे कुलुपाचा आणि चोरीचा काही संबंधच नव्हता. किल्ली धुळाकडे होती, एवढाच त्याचा गुन्हा.

“अजून काही आठवतंय का रे? कालचं, बारीकसारीक?”

“काय न्हाई अक्का. दुपारी भाकरी सोडली, तवा खाली एक खराब हँडबिल घेतलं हुतं. बाइंडिंगच्या रंगूबाईनं ते काढून घेतलं आन वर्तमानपत्र दिलं. शाई लागती म्हनली भाकरीला.”

वर्तमानपत्राचीही शाई लागतेच, असं अंबाक्कांच्या मनात येऊन गेलं. पण तेवढ्यात दारात आप्पासो उभे राहिले.

आप्पासो तासगावकडचे मास्तर, कविता करायचे. त्यांचं पुस्तक दिवाळीलाच यायचं होतं. बनुबाईसाठी लालासाहेबांनी ते मागं टाकलं होतं. कविता छापता का तोंडं, असं ते काल चारचौघांत म्हणाले होते, आणि रेडिओच्या वेळी ते इथंच होते. अंबाक्कांनी आडवळणानं विचारलं. आप्पासोंना रोख लगेच कळला आणि त्यांचा चेहरा पडला. बराच वेळ घुटमळून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं. त्यात त्यांचाच फोटो होता. फेटा बांधून, हातात लेखणी, मागं रंगवलेलं तळं.

“बाईंचा चेहरा चालला तर पुढचा माझा छापतो म्हणालेत,” ते हळूच बोलले. “मी रोज देवाला सांगतोय, हिचं पुस्तक खपू दे. मी कशाला ब्लॉक नेईन? कुणाला बोलू नका हं अक्का, शाळेत हसतील.”

अंबाक्कांना हसू आलं, पण त्यांनी ते ओठांत दाबलं. एक संशयित कमी झाला होता. घड्याळात साडेअकरा झाले होते.

उरला तो माणूस, जो काल सगळ्यांदेखत म्हणाला होता की हा चेहरा भिंतीवर चढू देणार नाही.

३

नाथाजी बनुबाईचे थोरले दीर. काल सकाळीच ते लालासाहेबांशी भांडायला आले होते आणि मुक्कामाला माधवनगरला, मिलमध्ये कामाला असलेल्या साडूकडे उतरले होते. अंबाक्का रिक्षा करून तिथं पोचल्या तेव्हा ते ओसरीवर बसून होते. हातात विडी होती, पण पेटवलेली नव्हती.

फोटो तेवढा पाकिटात मागं राहिलाय, हे अंबाक्कांनी सांगितलं. नाथाजींनी काही लपवलं नाही. घरच्या बाईचं तोंड बाजारात वाटतात, लोक त्यावर भजी घेऊन खातील, म्हणून आपण आडवे आलो, असं त्यांनी सरळ सांगितलं. पुस्तकाला त्यांची ना नव्हती. उलट तिनं रात्रीच्या गड्यांच्या पंगतीवर लिहिलेली गोष्ट त्यांनी मुलाकडून दोनदा वाचून घेतली होती आणि दोनदा हसले होते. चित्र तेवढं नको. ते चित्र कसलं आहे ते बघू द्या म्हटलं, तर लालासाहेबांनी तेही दाखवलं नाही.

“मी नेलं असतं तर समदं नेलं असतं, अक्का. त्यो फोटो पाकिटात हाय न्हवं? त्योच आधी फाडला असता. ब्लॉक नेऊन काय, दुसरा करत्यात.”

हेच अंबाक्कांनाही वाटत होतं. त्या चेहऱ्याचाच राग असलेला माणूस फोटो मागं ठेवणार नाही.

त्या उठायला लागल्या तेव्हा नाथाजी एकदम बोलले. जोतिबाचं, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाचं, बनुबाईच्या नवऱ्याचं, तीन आठवड्यांत पत्र नव्हतं. बनुबाई रोज पोस्टमनच्या वाटेवर उभी राहते आणि घरात कुणी त्याबद्दल बोलत नाही.

“आमच्यात आसल्या टायमाला वंगाळ शब्द तोंडातनं काढत न्हाईत,” ते म्हणाले. “म्हनून गप. समदी गप.”

रिक्षात बसल्यावर अंबाक्कांना चैन पडेना. वाईट शब्द तोंडातून काढत नाहीत. मग वाईट काही दिसलं तर काय करतात?

४

छापखान्यात परत येऊन त्यांनी रद्दीचं पिंप ओतलं. धुळा बघत राहिला. हजार हँडबिलं छापताना पन्नासेक तरी खराब होतात. कुठं शाई जास्त, कुठं कागद वाकडा. ती रद्दीत पडतात, शाईच्या डब्याखाली जातात, कुणाच्या भाकरीखाली. पिंपात लग्नपत्रिका निघाल्या, साखर कारखान्याच्या नोटिसा निघाल्या, हिशेबाच्या वह्यांची कात्रणं निघाली. बनुबाईचं एकही हँडबिल निघालं नाही. शाईच्या डब्यांखाली नाही, मशीनखालीसुद्धा नाही.

कुणीतरी वाकून वाकून एकेक वेचलं होतं.

राग आलेला माणूस असं वेचत नाही. वेचतो तो ज्याला तो कागद पायाखाली गेलेला बघवत नाही तो. आणि ज्याला फोटोबद्दल काही म्हणायचं नाही, फक्त छापलेल्या चेहऱ्याबद्दल आहे. म्हणजे दोन्हींत काहीतरी फरक होता.

पण छापलेला चेहरा तर एकही उरला नव्हता.

मग अंबाक्कांना आठवलं. त्यांनी तपासलेलं प्रूफ. ते त्यांच्याच पिशवीत होतं, घरी न्यायच्या कागदांत. चोराला त्यांच्या पिशवीला हात लावायचं सुचलं नव्हतं किंवा तो धजावला नव्हता. त्यांनी ते काढलं. खाली त्यांच्याच अक्षरात ‘ठीक’ आणि सही. मजकूर त्यांनी पुन्हा वाचला. एका जवानाच्या पत्नीची करुण लेखणी, असं वर होतं. ‘करुण’ या शब्दावर त्या अडखळल्या होत्या, कारण त्या गोष्टी वाचून माणूस हसतो. पण लालासाहेबांनी तो शब्द हट्टानं ठेवला होता.

त्यांनी फोटो पाकिटातून काढून प्रुफाशेजारी ठेवला. तोच पदर, त्याच कुड्या, तेच किंचित दाबलेलं हसू. त्या ओळी तपासाव्यात तशा वरून खाली गेल्या. मग पुन्हा वर.

फोटोत बनुबाईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. छापलेल्या चेहऱ्याचं कपाळ रिकामं होतं.

५

रंगूबाई गुरुवारी अर्धा दिवस यायच्या. त्यांच्याकडे मार्गशीर्षातले गुरुवार असत. घट मांडून, कहाणी वाचून घेऊन मगच त्या घर सोडत. बाइंडिंगच्या खोलीत फर्मे, म्हणजे छापून आलेले मोठे कागद, घडी करायचं त्यांचं काम. लिहितावाचता येत नव्हतं, पण हजार कागद हातांखालून जात आणि प्रत्येक चित्र त्यांना माहीत असे.

दीड वाजता त्या आल्या, तेव्हा अंबाक्का त्यांच्याच खोलीत उभ्या होत्या आणि वर बघत होत्या. चोर वस्तू लपवतो ती खाली, ढिगाखाली, अडगळीत. पण ज्याला कागद पायाखाली चालत नाही, जो तो फाडू शकत नाही, जाळू तर मुळीच शकत नाही, तो तो कुठं ठेवेल? भिंतीवर उंच सरस्वतीचा फोटो होता आणि त्याखाली फळी. फुलं ठेवायची.

“उतरवता का तुम्ही, रंगूबाई? माझा हात पोचत नाही.”

रंगूबाईंनी पदर खोचला. मग स्टुलावर चढून त्यांनी फुलांमागून एक गाठोडं उतरवलं. नव्या हिरव्या खणात बांधलेलं. आत हजार हँडबिलं, वर खराब झालेली, एकावर एक हातानं सारखी केलेली, आणि सगळ्यांच्या वर ब्लॉक. जस्ताच्या त्या छोट्या कपाळावर बोटानं लावलेलं खरं कुंकू होतं.

धुळाला चौकीत नेणार आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हतं. अंबाक्कांनी ते सांगितलं तशा त्या दाराकडे निघाल्या.

“मी आत्ता जाऊन सांगती मालकास्नी. धुळाचं नाव कशाला?”

“सांगायचंच होतं तर कालच का नाही सांगितलंत?”

“काय म्हनून सांगू, अक्का? त्या पोरीचा दाल्ला सरहद्दीवर. पत्र न्हाई. आन मी तोंडानं म्हनू, हिचं कुक्कू गेलंय?” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “आसं बोललं की खरं हुतं, आसं भ्या वाटलं. म्हटलं आयतवार जाऊ दे. देवीम्होरं ठेवावं. पुढचं ती बघंल.”

अंबाक्कांनी ब्लॉक हातात घेतला. त्यांच्या मनात दुसराच प्रश्न फिरत होता. ब्लॉक करणारा कारागीर कुणाचं कुंकू आपण होऊन पुसत नाही. त्याला तसं सांगावं लागतं.

त्या सरळ लालासाहेबांच्या टेबलाशी गेल्या आणि पत्रव्यवहाराची फाइल उघडली.

६

पाचला लालासाहेब आले ते एका हवालदाराला घेऊनच. धुळा मशीनपाशी उभा होता. त्यानं सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावली होती, गावाला निघाल्यासारखी.

रंगूबाईंना खुणेनं मागं थांबवून अंबाक्कांनी खणातला गठ्ठा आणि ब्लॉक टेबलावर ठेवला. वस्तू छापखान्याबाहेर गेलीच नव्हती, असं त्या हवालदाराला म्हणाल्या. तेव्हा चोरी झालीच नाही, आणि तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. हवालदारानं लालासाहेबांकडे पाहिलं, चहा सांगितला जातोय का याची थोडी वाट पाहिली आणि तो निघून गेला.

“कुणी ठेवलं होतं?” लालासाहेबांनी विचारलं.

“ते मी सांगणार नाही. धुळानं नाही, एवढं पुरे. आधी तुम्ही सांगा, हिचं कपाळ कुणी पुसलं?”

कारागिराची चूक असेल, असं ते म्हणाले. अंबाक्कांनी फाइलमधली कार्बनची प्रत पुढं सरकवली. कोल्हापूरला गेलेल्या पत्राची होती ती. चेहरा गंभीर यावा, कपाळ मोकळे ठेवावे, असं खाली लालासाहेबांच्याच सहीवर लिहिलेलं होतं. तारीख शनिवारची. लढाईचा दुसरा दिवस.

लालासाहेबांनी तो कागद उलटा करून ठेवला. मग ते आवाज न चढवता बोलू लागले. आपण एक शब्द खोटा छापलेला नाही. कुठं विधवा म्हटलंय? लोक कपाळ बघतील, मनात काय आणायचं ते आणतील, हळहळतील, पुस्तक घेतील. नव्या लेखिकेला यापेक्षा मोठी ओळख कुठून मिळणार? हसऱ्या गोष्टी लिहिणारी सुखी बाई कोण विकत घेतो? आणि शेवटी त्यांनी प्रूफ उचललं.

“ठीक म्हणून सही तुमची आहे, अक्का. तुमच्या नजरेतून काना सुटत नाही म्हणतात. तुम्हाला तरी दिसलं होतं का?”

अंबाक्कांनी वर पाहिलं, तर दारात बनुबाई उभी होती. चित्र स्वतः बघायला इस्लामपूरच्या गाडीनं आली होती ती, आणि स्टँडवर तिला घ्यायला गेलेले नाथाजी मागं पिशवी घेऊन. किती ऐकलं होतं ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. कपाळावरचं कुंकू प्रवासात थोडं ओघळलं होतं. ती आत आली, रंगूबाईंनी घाईनं खण पुढं ओढला तरी तिनं तो बाजूला सारून एक हँडबिल उचललं आणि बघत राहिली. रंगूबाई पुटपुटत देवीचं नाव घेऊ लागल्या.

“ह्यी मी न्हवं,” बनुबाई म्हणाली. मग अंबाक्कांकडे वळली. “तुमी तपासलं हुतं?”

“मी तपासलं होतं.”

“आन?”

खोटं बोलणं सोपं होतं. शाई फिकी होती, घाई होती, चष्मा बदलायला झालाय. सगळी कारणं अंबाक्कांच्या जिभेवर येऊन गेली.

“मला काही कमी दिसलं नाही, बनू. बावीस वर्षं मी आरशात असंच कपाळ बघते. मला चेहरा पुरा वाटला.”

रंगूबाईंचं पुटपुटणं थांबलं. बनुबाईनं त्या हँडबिलाची चौघडी घातली, ती गठ्ठ्यावर ठेवली आणि पुढं होऊन अंबाक्कांचा हात धरला. तिचा हात गार होता, बसच्या खिडकीच्या वाऱ्यानं.

मग ती लालासाहेबांना म्हणाली, की चित्र नको. हेही नको आणि दुसरंही नको. मुखपृष्ठावर नाव तेवढं घाला. लालासाहेबांनी जुळवून ठेवलेली ओळ दाखवली. नुसतं ‘बनुबाई’. एका शब्दाचं नाव लोकांच्या तोंडात बसतं, असं त्यांनी सवयीनं सांगायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं.

“आसं न्हाई. सौभाग्यवती घाला म्होरं. आन त्येंचं नाव मधी.”

नवऱ्याचं नाव ती तोंडानं घेईना. तिनं अंबाक्कांची पेन्सिल घेतली आणि कागदावर सावकाश लिहून दिलं. नाथाजींनी मान दुसरीकडे वळवली.

अंबाक्का स्वतः अक्षरांच्या खिळ्यांच्या खणांपाशी गेल्या. एरवी त्या जुळवत नसत, पण आज त्यांनी सगळ्यांत मोठा टाइप काढला. ‘सौ.’ बोटांना जड लागत होता. मागं लालासाहेब चाचरत म्हणाले, की मुखपृष्ठ एकदा छापलं की बदलता येत नाही. रविवारपर्यंत जर काही तार बिर... आणि पुढचं वाक्य त्यांच्यानं पुरं झालं नाही.

बनुबाईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती मशीनवर चढणाऱ्या त्या अक्षरांकडे बघत होती.

“आज हाय,” ती म्हणाली. “आजचं आज छापा.”

धुळानं गळ्याची गुंडी सोडली, बाह्या सरसावल्या, आणि मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला.